व्हरांड्यातले शिसे आणि मक्यावरची बुरशी

वर्गात एखादे मूल गणित सोडवता सोडवता पेन्सिल चावू लागले की आपण त्याला हटकतो. ‘अरे, शिसे पोटात जाईल!’ असे म्हणतो. आपल्या लहानपणी आपल्यालाही कोणीतरी असेच हटकलेले असते. वास्तविक शिसपेन्सिलीत शिसे नसते. तिच्यातील काळी कांडी ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांच्या मिश्रणाची असते, आणि ग्रॅफाइट हे कार्बनचेच एक रूप आहे. कार्ल शीले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्येच ते दाखवून दिले होते. त्यापूर्वी ग्रॅफाइट हा शिशाचाच एक प्रकार समजला जाई. तो समज गेला, नाव मात्र चिकटून राहिले.

पण मुलाला हटकणे अगदीच चुकीचे नसते. पेन्सिलीच्या लाकडावर पिवळा किंवा तांबडा रंग असतो, आणि अशा रंगांत पूर्वी शिशाची संयुगे सर्रास वापरीत. म्हणजे भीती खरी होती, फक्त जागा चुकली होती. शिसे कांडीत नव्हते, रंगात होते. नेमकी हीच गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियातील काही डॉक्टरांच्या लक्षात आली. तिथून सुरू झालेला मूत्रपिंडाच्या एका विकाराचा शोध अखेर अवयवरोपणात वापरल्या जाणाऱ्या एका औषधापर्यंत कसा येऊन पोचला, ते या लेखात पाहू.

ब्रिस्बेनचे व्हरांडे

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला क्वीन्सलँड हे राज्य आहे आणि ब्रिस्बेन ही त्याची राजधानी. हवा उष्ण, त्यामुळे तिथली जुनी घरे लाकडाची आणि त्यांना प्रशस्त व्हरांडे. व्हरांड्याच्या कठड्यांना पांढरा तेलरंग दिलेला असे. हा रंग म्हणजे जवसाच्या तेलात खललेला सफेदा, अर्थात शिशाचे कार्बोनेट. कडक उन्हाने तेलाचा अंश नाहीसा होई आणि कठड्यावर पांढरी भुकटी सुटू लागे. हात लावला की ती हाताला लागे. मुले दिवसभर व्हरांड्यातच खेळत.

१८९० च्या सुमारास ब्रिस्बेनमधील मुलांच्या रुग्णालयात चमत्कारिक लक्षणांची मुले येऊ लागली. पोटात कळा, रक्तक्षय, मनगट किंवा पाऊल लुळे पडणे, काहींची दृष्टी अधू होणे अशी ही लक्षणे होती. शिशाच्या कारखान्यात काम करणाऱ्या प्रौढांमध्ये ही लक्षणे दिसतात हे वैद्यकाला जुनेच ठाऊक होते, पण या मुलांचा कोणत्याही कारखान्याशी संबंध नव्हता. १८९२ मध्ये जेफरिस टर्नर, जॉन लॉकहार्ट गिब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे शिशाच्या विषबाधेचेच रुग्ण आहेत असे वैद्यक परिषदेत मांडले. शिसे येते कोठून, या प्रश्नाचे उत्तर मिळायला मात्र आणखी बारा वर्षे लागली.

गिब्सन हे डोळ्यांचे डॉक्टर. अधू दृष्टीची मुले त्यांच्याकडे येत. १९०४ मध्ये त्यांनी एक लेख लिहून रंगवलेले कठडे आणि घरातील रंगवलेल्या भिंती यांच्याकडे बोट दाखवले. अंगठा चोखणारे, नखे खाणारे मूल कठड्यावरची भुकटी बोटांवाटे पोटात घेते, हा त्यांचा निष्कर्ष होता. सर्वांना तो पटला नाही. मुलांच्या हाताला लागेल अशा जागी शिशाचा रंग वापरण्यास बंदी करणारा कायदा क्वीन्सलँडमध्ये झाला तो १९२२ साली. कारण सांगितले गेले आणि उपाय झाला, यांमध्ये अठरा वर्षे गेली.

जुन्या नोंदींतील पुरावा

गोष्ट इथे संपायला हवी होती. रुग्णालयातून बरी होऊन गेलेली मुले मोठी झाली, शाळेत गेली, नोकरीला लागली. पण १९२९ मध्ये जार्व्हिस नाय या ब्रिस्बेनच्या डॉक्टरांनी एका निराळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधले. क्वीन्सलँडमध्ये तरुण माणसे मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराने असाधारण संख्येने मरत होती. याचे मूळ त्यांच्या बालपणीच्या शिशात असावे, असे नाय यांचे म्हणणे होते.

अनुमान म्हणून हे ठीक होते, पण ते सिद्ध कसे करायचे? बालपण आणि मृत्यू यांच्यात वीस-तीस वर्षांचे अंतर. मधल्या काळात माणसाच्या आयुष्यात शंभर गोष्टी घडतात. यासाठी लागते ते चिकाटीचे आणि काहीसे कंटाळवाणे काम, आणि ते हेंडरसन यांनी केले. १९१५ ते १९३५ या काळात ब्रिस्बेनच्या रुग्णालयात शिशाच्या विषबाधेसाठी दाखल झालेल्या ४०१ मुलांची नावे त्यांनी जुन्या नोंदींतून काढली आणि त्यांचे पुढे काय झाले याचा माग घेतला. हा अभ्यास १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. ३५२ जणांचा पत्ता लागला. त्यांपैकी १६५ जण वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच मरण पावले होते, आणि त्यातील १०८ जणांच्या मृत्यूचे कारण मूत्रपिंडाचा दाह किंवा उच्च रक्तदाब हे होते. म्हणजे दर तीन मृत्यूंमागे जवळजवळ दोन. १८७ जण हयात होते. त्यांतील १०१ जणांची माहिती मिळाली, तेव्हा आणखी १७ जणांमध्ये रक्तदाब वाढलेला किंवा लघवीतून प्रथिन जात असलेले आढळले.

हेंडरसन एवढ्यावर थांबले नाहीत. मूत्रपिंडाच्या विकाराने मरण पावलेल्यांच्या हाडांतील शिसे त्यांनी इंग्लिस या सहकाऱ्याबरोबर मोजून पाहिले. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात अशा अनेकांच्या हाडांत शिशाचे प्रमाण जास्त आढळले. तीस वर्षांपूर्वीच्या व्हरांड्याचा पुरावा हाडांत जपून ठेवलेला होता.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. बॉस्टन येथे शिशाची बाधा झालेल्या मुलांचा असाच पाठपुरावा करून १९६३ मध्ये निष्कर्ष मांडले गेले, तेव्हा मूत्रपिंडाचा असा ठळक विकार आढळला नाही. यावरून क्वीन्सलँडचा निष्कर्ष खोटा ठरत नाही. क्वीन्सलँडची मुले वर्षानुवर्षे त्याच व्हरांड्यात वाढली, त्यामुळे त्यांच्या शरीरात शिसे अधिक काळ जात राहिले असावे, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. मात्र विषाचा परिणाम मात्रा आणि काळ या दोहोंवर अवलंबून असतो, ही गोष्ट या दोन शहरांच्या तुलनेतून विद्यार्थ्यांना चांगली समजावता येते.

हाडातली ठेव

शरीराला शिशाचा काहीही उपयोग नाही. परंतु शिशाचा आयन कॅल्शियमच्या आयनासारखा वागतो, म्हणून शरीर फसते आणि त्याला हाडात जागा देते. प्रौढ माणसाच्या शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत असते आणि ते तिथे दशकानुदशके राहते. हाड काही निर्जीव खांब नव्हे. ते सतत झिजते आणि पुन्हा बांधले जाते. त्या झिजेबरोबर थोडे थोडे शिसे रक्तात उतरते आणि रक्त गाळणाऱ्या मूत्रपिंडाकडे जाते.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात, आणि प्रत्येक गाळणीला एक सूक्ष्म नलिका जोडलेली असते. गाळून आलेल्या द्रवातील उपयोगी पदार्थ परत शोषून घेणे हे या नलिकांचे काम. त्यांच्या सुरुवातीच्या भागातील पेशी शिसेही शोषून घेतात आणि त्यांना इजा होते. वर्षे जातात तसा नलिकांच्या मधल्या जागेत तंतुमय ऊतक वाढते, नलिका आक्रसतात, रक्तदाब चढतो. दुखत काहीच नाही. कळते तेव्हा मूत्रपिंडाचा बराच भाग कामातून गेलेला असतो.

शिसे शरीराबाहेर काढण्याचा उपाय १९५० च्या दशकात हाती आला. ईडीटीए नावाचे संयुग धातूच्या आयनाला चिमट्यात पकडावे तसे पकडते आणि लघवीवाटे घेऊन जाते. तीव्र विषबाधेत हा उपाय जीव वाचवतो. पण जिथे तंतुमय व्रण झाले, तिथे नलिका पुन्हा उगवत नाहीत.

आणि एक कोडे राहतेच. शिसे नलिकेच्या पेशीत असते, पण बिघाड नलिकांच्या मधल्या जागेत पसरतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या जागेत श्वेतपेशींची गर्दी दिसते. घराला आग लागते तेव्हा सामानाचा काही भाग आगीने जळतो आणि काही भाग आग विझवणाऱ्यांच्या पाण्याने नासतो. नुकसानीचा पंचनामा करताना दोन्ही वेगळे मोजावे लागतात. मूत्रपिंडाच्या बाबतीतही प्रश्न असाच होता. नुकसान शिशाने किती केले, आणि शिशामुळे धावून आलेल्या श्वेतपेशींनी किती?

शिशाहून निराळ्या रीतीने हा प्रश्न पाऱ्याच्या बाबतीत आधीच पुढे आला होता. फ्रेंच संशोधकांनी १९७७ मध्ये दाखवले की, ब्राउन नॉर्वे जातीच्या उंदरांना पाऱ्याचे क्लोराइड अल्प मात्रेत टोचले तर त्यांचे शरीर स्वतःच्याच मूत्रपिंडातील पटलाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते. रोपण केलेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाचा परिणाम १९८६ मध्ये याच उंदरांवर तपासला गेला, आणि त्याने हा विकार रोखला. धातू केवळ निमित्त असू शकतो आणि हल्ला शरीराचाच असू शकतो, हे त्यातून दिसले. शिशाच्या बाबतीत हेच विचारायचे, तर श्वेतपेशींना रोखणारे एखादे औषध हवे होते. ज्या औषधाने हे काम केले, त्याची कथाही मुळापासून पाहण्यासारखी आहे.

मक्यावरची बुरशी

इटलीच्या उत्तर भागात एकोणिसाव्या शतकात गरीब शेतकरी मक्यावर जगत आणि त्यांच्यात पेलाग्रा या रोगाने थैमान घातले होते. कातडी काळवंडणे, जुलाब, बुद्धिभ्रंश आणि शेवटी मृत्यू. हा रोग नायासिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो हे आज आपल्याला माहीत आहे. त्या वेळी मात्र मका कुजल्याने त्यात विष निर्माण होते असे अनेकांचे मत होते. बार्तोलोमेओ गोसिओ हे इटालियन डॉक्टर त्या विषाच्या शोधात होते. १८९३ मध्ये त्यांनी खराब मक्यावरची पेनिसिलियम वर्गातील बुरशी वाढवली आणि तिच्यापासून एक स्फटिकरूप पदार्थ वेगळा केला. हा पदार्थ सांसर्गिक काळपुळीच्या म्हणजे अँथ्रॅक्सच्या जिवाणूंची वाढ थांबवतो असे त्यांना आढळले. फ्लेमिंगना पेनिसिलिन दिसले १९२८ मध्ये, म्हणजे याच्या पस्तीस वर्षे नंतर. परंतु गोसिओ यांच्याजवळ पदार्थ फारच थोडा होता आणि काम तिथेच थांबले.

योगायोग असा की, याच गोसिओ यांनी त्याच काळात रंग आणि विष यांचेही एक कोडे हाताळले होते. पेन्सिलीच्या संदर्भात ज्या शीलेचा उल्लेख आला, त्यानेच १७७५ च्या सुमारास आर्सेनिकयुक्त हिरवा रंग तयार केला होता. हा रंग भिंतीवर चिकटवायच्या कागदांवर वापरीत. दमट खोल्यांत अशा कागदांमुळे माणसे आजारी पडतात असा बोलबाला होता. ओल्या कागदावर वाढणारी बुरशी आर्सेनिकचे रूपांतर लसणासारख्या वासाच्या वायूत करते, हे गोसिओ यांनी प्रयोगाने दाखवले. भिंतीवरच्या रंगातील विष घरातल्या माणसांपर्यंत पोचू शकते, हा विचार युरोपात आणि ब्रिस्बेनमध्ये जवळपास एकाच वेळी चालू होता.

गोसिओ यांचा स्फटिकरूप पदार्थ १९१३ मध्ये अमेरिकेत अल्सबर्ग आणि ब्लॅक यांना पुन्हा सापडला. त्यांनी त्याला मायकोफिनॉलिक आम्ल असे नाव दिले. प्रतिजैविक म्हणून त्याचा उपयोग झाला नाही आणि ते बरीच वर्षे पडून राहिले.

त्याला नवे आयुष्य दिले ते अँथनी अ‍ॅलिसन यांनी. दात्रपेशी विकाराचे जनुक मलेरियापासून संरक्षण देते हे १९५४ मध्ये दाखवणारे अ‍ॅलिसन ते हेच. १९८० च्या दशकात ते आणि एल्सी युगी हे सिंटेक्स या कंपनीत लसिकापेशींना, म्हणजे श्वेतपेशींच्या एका महत्त्वाच्या गटाला, रोखणारे औषध शोधत होते. त्यांचा तर्क असा होता. विभाजन पावणाऱ्या पेशीला डीएनएसाठी प्युरीन हे घटक लागतात. ते दोन मार्गांनी मिळतात. एक म्हणजे नव्याने बांधणे, दुसरा म्हणजे मोडलेल्या डीएनएतील जुने घटक पुन्हा वापरणे. घर नव्या विटांनी बांधता येते, तसे पाडलेल्या घराच्या विटांनीही बांधता येते. काही मुलांमध्ये जन्मतःच जुने घटक पुन्हा वापरण्याचे विकर, म्हणजे एन्झाइम, नसते. त्यांना मज्जासंस्थेचा गंभीर विकार होतो, पण त्यांची प्रतिकारशक्ती जवळपास शाबूत राहते. याचा अर्थ लसिकापेशी मुख्यतः नव्या विटांवर अवलंबून असतात. तेव्हा नव्या विटांची भट्टी बंद केली तर लसिकापेशींची वाढ थांबेल आणि इतर पेशी जुन्या विटांवर निभावून नेतील. मायकोफिनॉलिक आम्ल नेमके या भट्टीतील एक विकर बंद पाडते.

पोटातून घेतल्यावर नीट शोषले जावे म्हणून या आम्लाचे मायकोफिनोलेट मोफेटिल हे रूप तयार करण्यात आले. रोपण केलेले मूत्रपिंड शरीराने नाकारू नये यासाठी अमेरिकेत १९९५ मध्ये त्याला मान्यता मिळाली. आज जगभर मूत्रपिंडरोपण झालेले असंख्य रुग्ण हे औषध घेतात.

माराकायबोचा प्रयोग

व्हेनेझुएलातील माराकायबो येथे बर्नार्दो रोद्रिगेझ-इतुर्बे आणि त्यांचे सहकारी मूत्रपिंडातील श्वेतपेशी आणि रक्तदाब यांच्या संबंधावर काम करीत होते. ज्यांचा रक्तदाब आनुवंशिकतेनेच वाढतो अशा उंदरांना मायकोफिनोलेट दिल्यास मूत्रपिंडातील श्वेतपेशींची गर्दी ओसरते आणि रक्तदाबही उतरतो, हे २००२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले. त्यानंतर कॅलिफोर्नियातील नोस्रातोला वझिरी यांच्यासमवेत ते शिशाकडे वळले. दीर्घकाळ थोडे थोडे शिसे दिलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडात श्वेतपेशी गोळा होतात, हे त्यांनी २००५ मध्ये दाखवले.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मांडणीच्या दृष्टीने वर्गात सांगण्याजोगा आहे. उंदरांना १४ आठवडे पिण्याच्या पाण्यातून शिशाचे अ‍ॅसिटेट देण्यात आले. प्रमाण दहा लाख भागांत १०० भाग. त्यांपैकी एका गटाला शिशासोबत रोज मायकोफिनोलेटही दिले, दुसऱ्या गटाला औषध दिले नाही. तुलनेसाठी शिसे न दिलेले उंदीरही होते. नुसते शिसे मिळालेल्या उंदरांच्या नलिकांना इजा झाली, मधल्या जागेत श्वेतपेशी जमल्या, रक्तदाब वाढत गेला आणि मूत्रपिंडात अँजिओटेन्सिन या रक्तदाब वाढवणाऱ्या द्रव्याचे प्रमाणही वाढले. औषध मिळालेल्या उंदरांत श्वेतपेशींची गर्दी झाली नाही, रक्तदाब चढला नाही आणि अँजिओटेन्सिनही कमी राहिले.

लक्षात घ्या, दोन्ही गट शिशाचे पाणी पीत होते. मायकोफिनोलेट हा काही ईडीटीएसारखा शिसे पकडणारा चिमटा नव्हे. त्याने फक्त लसिकापेशींना आवरले, आणि तेवढ्याने बिघाडाचा मोठा भाग टळला. म्हणजे शिसे आग लावते हे खरे, पण पंचनाम्यातील बरीच नुकसानी पाण्याच्या नावावर मांडावी लागते.

यातून काय निघत नाही

असे संशोधन वाचले की मनात लगेच येते, मग शिशाची बाधा झालेल्यांना हे औषध द्यावे की! तसे मुळीच निघत नाही. पहिली गोष्ट, उंदरांना औषध शिशासोबत दिले होते. मूत्रपिंडात व्रण झाल्यावर दिले तर ते भरून येतील, असे हा प्रयोग सांगत नाही. दुसरी गोष्ट, प्रतिकारशक्ती दडपणे हे महागात पडणारे काम आहे. या औषधाने जंतुसंसर्गाचा आणि काही कर्करोगांचा धोका वाढतो, आणि गरोदरपणी घेतल्यास गर्भात व्यंग येऊ शकते. ज्याच्या शरीरात नवे मूत्रपिंड बसवले आहे त्याने हा धोका पत्करणे योग्य, पण घरात शिशाचा रंग आहे म्हणून मुलाला असे औषध देणे हा उपाय नव्हे. तिसरी गोष्ट, शिशाचा सर्वांत मोठा घाव मुलांच्या वाढत्या मेंदूवर होतो, आणि हा प्रयोग मूत्रपिंडाचा होता.

मग प्रयोगाचा उपयोग काय? इथे औषध उपचार म्हणून वापरलेले नाही, प्रश्न विचारण्याचे साधन म्हणून वापरले आहे. एक दुवा काढून घ्या आणि साखळी तुटते का ते पाहा. साखळी तुटली, तर तो दुवा खरा. आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे औषधांचा असा वापर नेहमी करतो, परंतु बातमी छापून येते तेव्हा ‘नवा उपाय सापडला’ असाच मथळा असतो. विद्यार्थ्यांना या दोहोंतील फरक कळावा, अशी माझी फार इच्छा आहे.

खरा उपाय गिब्सन यांनी १९०४ मध्येच सांगितला होता. शिसे मुलांच्या हातापर्यंत पोचू देऊ नका. भारतात शिसेविरहित पेट्रोल २००० सालापासून सर्वत्र लागू झाले, आणि घरगुती व सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. २०२१ मध्ये जगातील शेवटच्या देशाने मोटारींसाठी शिशाचे पेट्रोल विकणे थांबवले. पण २०१७ पूर्वी दिलेले रंग अजूनही भिंतींवर, खिडक्यांच्या गजांवर, बाकांवर आहेतच. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याचे धंदे वस्त्यांच्या आत चालतात. देवाला लावायचा पारंपरिक शेंदूर हेही शिशाचेच ऑक्साइड आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचे रंगकाम निघते. जुना रंग कोरडाच घासून खरवडला जातो आणि त्याची भुकटी वर्गभर पसरते. रंगकाम करणाऱ्याला पृष्ठभाग ओला करून खरवडायला सांगावे. पडलेला चुरा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्यावा आणि शाळा सुरू होण्यापूर्वी फरशी पाण्याने धुवावी. नवा रंग घेताना डब्यावर शिशाच्या प्रमाणाचा उल्लेख आहे का ते पाहावे. डबा खाण्यापूर्वी मुलांना साबणाने हात धुवायला लावावेत. आहारात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असेल तर शरीर शिसे कमी शोषते, हेही पालकसभेत सांगता येईल. आणि पेन्सिल चावणाऱ्या मुलाला जरूर हटकावे, फक्त कारण बरोबर सांगावे.